अक्काची रबरी टोपणं

१९५८ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि मी धुतलेली बाटली ती बाई नाकाला लावून हुंगायची.

काच अशी घासलेली असायची की उन्हाकडे धरली तर भिंतीपलीकडचा कावळा दिसावा. ती बाटली घ्यायची, उजेडासमोर फिरवायची, मग नाकाशी नेऊन डोळे मिटायची, बायका मोगरा हुंगतात तशी. आणि बाटली माझ्या हातात ठेवून म्हणायची, "पुन्हा, राव."

हा एक शब्द मी पाच वर्षं ऐकला. आज ऐंशी ओलांडली तरी आठवला की डोकं तापतं. आधीच सांगून ठेवतो, मी हे रागाने लिहितो आहे. गोडगोड आठवणी हव्या असतील त्यांनी दुसरं काही वाचावं.

तिचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी कुठल्या भिंतीवर, कुठल्या पाटीवर लिहिलं नाही. आता माझ्यासारख्या चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने लिहून काय होणार? आम्ही तिला अक्का म्हणायचो. मोठी बहीण. वयाने ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी असेल.

माझी मराठी तंजावरची. आजोबांनी शिकवली, मोडी आणि बाळबोध दोन्ही. आमच्या घरातले लोक तंजावरच्या राजांच्या दप्तरात लिहिणारे होते, हे मी कोणालाही सांगायचो, विचारलं नसलं तरी. मद्रासेत आम्हाला सगळे रावजी म्हणतात. आणि हा रावजी काय करत होता? एका धर्मादाय इस्पितळात, मुलांच्या वॉर्डामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाटल्या धुवत होता. वॉर्डातले शिपाई मुद्दाम तमिळमध्ये हाक मारायचे, "एन्न रावजी, राज्य कसं चाललंय?"

त्या शेडमध्ये अक्काची प्रयोगशाळा होती. अक्काही आमच्यातलीच, तंजावरची मराठी. विज्ञान शिकलेली, डॉक्टर नव्हे. तिची एक पद्धत होती, ती माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. मला शिव्या द्यायची ती मराठीत, म्हणजे बाकी कोणाला कळू नयेत. आणि कधी चांगलं बोलायची तर मोठ्याने तमिळमध्ये, शिपायांना ऐकू जाईल असं. शिव्या पुष्कळ. चांगलं बोलणं पाच वर्षांत तीन-चार वेळा.

आता तिचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे घटसर्पाची पोरं यायची. गळ्यात पांढरट पडदा धरतो, श्वास कोंडतो, पोर निळं पडतं. पण प्रत्येक दुखरा गळा घटसर्पाचा नसतो. कुठला आहे हे ओळखायचं कसं? गळ्यातून कापूस फिरवायचा, तो जंतूंना आवडेल अशा खाद्यावर घासायचा, रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी जे उगवेल ते निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हे खाद्य परदेशातून डब्यात यायचं आणि फार महाग असायचं. अक्का ते मेंढीच्या रक्तातून काढायची.

रक्त आणायचं कोणी? मी. रावाचा मुलगा पहाटे किटली घेऊन कत्तलखान्याच्या दारात! पहिल्या दिवशी आईने मला मागच्या दारी उभं करून डोक्यावर चार घागरी ओतल्या आणि आत घेतलं. मी अक्काला म्हटलं, "उद्यापासून मी जाणार नाही." ती म्हणाली, "जाऊं नकोस. गळा बंद झालेल्या पोराच्या आईला तूं जाऊन सांग, रावांना विटाळ होतो म्हणून." मी दुसऱ्या दिवशी गेलो. शिव्या देत गेलो, पण गेलो.

रक्त ठेवलं की गोठतं आणि वर पिवळं पाणी राहतं. ते पाणी छोट्या बाटल्यांत भरून वाफवायचं. बाटल्या तिरप्या ठेवायच्या, म्हणजे आतलं उताराला थिजतं, खरवसासारखं. त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं म्हणे. अक्काने घरून इडलीपात्र आणलं. इडलीच्या खळग्यात बाटल्या अशा नेमक्या तिरप्या बसायच्या की जणू ते पात्र त्यासाठीच घडवलं होतं.

जंतू उचलायची तार बिघडलेल्या इलेक्ट्रिक शेगडीची. उबेची पेटी म्हणजे लाकडी खोकं, आत एक दिवा आणि पाण्याचं मडकं. काही जंतूंना कोंदट हवा लागते. त्यांच्यासाठी काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट करायचं, मेणबत्ती आपोआप विझली की हवा तयार. आणि बाटल्या? वॉर्डात पेनिसिलिनच्या सुयांच्या रिकाम्या बाटल्या पडायच्या, त्याच. रबरी टोपणासकट.

एका नोव्हेंबरात वादळाने दोन दिवस वीज गेली. पेटी गार पडली. अक्काने सहा बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "पोटाला बांध. वेष्टीच्या आंत. सकाळीं घेऊन ये."

"अक्का, हा घटसर्प आहे!"

"बाटलींत आहे. तूं बाटली खाणार आहेस कां?"

मी घटसर्प पोटाला बांधून, वर वेष्टीचं धोतर आवळून झोपलो. आईने विचारलं हे काय, मी म्हटलं ताईत, पोटदुखीवरचा. सकाळी चार बाटल्यांत जंतू उगवले होते. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. निळ्या काड्या दिसल्या, आडव्यातिडव्या, एकमेकींना टेकलेल्या. पुस्तकात म्हणे चिनी अक्षरांसारख्या असं लिहिलेलं असतं. मी चिनी कुठे बघायला जाणार? मी म्हटलं, "हें तर मोडी आहे. आजोबा घाईत लिहायचे तसं."

ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग दारात जाऊन शिपायांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हणाली, "आमच्या रावजींना घटसर्प वाचता येतो!" त्या दिवसापासून काच आधी माझ्या डोळ्याखाली यायची, मग तिच्या.

माझ्या आयुष्यात मला कोणी याहून मोठं काही दिलेलं नाही. आणि तिचं मी काय केलं ते आता वाचा.

इस्पितळाचे मोठे डॉक्टर होते. त्यांना ही शेड डोळ्यांत खुपायची. परदेशी डबे, परदेशी पेटी, दारावर पितळी पाटी, असं त्यांना हवं होतं. शेडवरून जाताना म्हणायचे, "काय अम्मा, इडली कडै उघडली का?" म्हणजे इडलीचं दुकान.

अक्का म्हणायची, "उघडली सार. चटणी तेवढी बोटीने यायची आहे, आपण मागवलेली."

ते हसायचे नाहीत. ट्रस्टींसमोर त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "चालू द्या तुमची शेड. पण एक उत्तर चुकलं, की त्या दिवशी कुलूप." अक्का मान हलवून "सरि सार", म्हणजे बरं साहेब, म्हणाली होती. म्हणून ती बाटली हुंगायची. म्हणून "पुन्हा". मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिचा नियम असा: पेनिसिलिनची बाटली आणि टोपण, दोन्ही धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळायची, मग सात पाण्यांतून काढायची. बाटल्या मी उकळायचो. पण टोपणं सोड्यात उकळली की रबर चिरतं. दहातली चार फुकट जायची. मग वॉर्डात नर्सांपुढे उभं राहायचं, "सिस्टर, टोपणं आहेत का?" त्या म्हणायच्या, "रावजी, काल नेली ती काय खाल्लीत?" मला ते सहन व्हायचं नाही. मी टोपणं नुसती गरम पाण्यात खंगाळायला लागलो. माझा विचार असा, की ही टोपणं औषधाची आहेत. पेनिसिलिन म्हणजे जंतूंचा काळ. त्याच्या टोपणाइतकं स्वच्छ आणखी काय असणार?

अक्का बाटली हुंगायची. टोपण हुंगायची नाही. तिची चूक काढायचीच असेल तर एवढी काढा.

जंतूंचा काळ ज्या टोपणाच्या घडीत चिकटलेला आहे, त्या टोपणाखाली जंतू उगवेल का? नाही उगवणार. आणि बाटलीत काही उगवलं नाही, की आम्ही काय लिहायचो? गळा स्वच्छ. हे आज मी दोन ओळींत लिहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मद्रासजवळच्या कोवलमच्या एका कोळ्याची मुलगी आमच्याकडे होती, सात-आठ वर्षांची. घटसर्पातून उठली. उठलेल्या पोराच्या गळ्यात जंतू लपून राहतात आणि दुसऱ्याला लागतात, म्हणून तीन वेळा कापूस फिरवून तिन्ही वेळा काही उगवलं नाही तरच घरी पाठवायची रीत होती. औषध चाललेल्या पोराच्या गळ्यातून एरवीही कमीच उगवतं, म्हणून अक्कालाही शंका आली नाही. तिन्ही बाटल्या रिकाम्या. बाप आला, मुलीला खांद्यावर घेऊन बसने गेला. जाताना माझ्याही पाया पडत होता, मी त्याला धरलं. मी तेव्हा छाती काढून उभा होतो, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या पंधरवड्यात तोच बाप पुन्हा फाटकातून पळत आला. या वेळी हातात धाकटा मुलगा, निळा पडलेला. त्याच्या गळ्याला बाहेरून भोक पाडून नळी घालावी लागली. पोरगा वाचला. पण मोठ्या डॉक्टरांनी बहिणीलाही आणवून तिच्या गळ्यातून कापूस घेतला आणि तो आमच्या शेडमध्ये दिला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला.

अक्काने त्या दुपारी पेटीतल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि एकेक खिडकीशी धरून बघत बसली. तळाशी बारीक ठिपके उगवलेले होते. टोपणाकडचा अर्धा भाग कोरा. सगळ्या बाटल्यांत तसंच. तिने एक टोपण काढलं, उलटं केलं, घडीत सुई फिरवली.

"राव, टोपणं सोड्यांत उकळतोस ना?"

"हो."

"अर्धा तास?"

"हो, अक्का."

तिने ते टोपण नाकाशी नेलं. डोळे मिटले. मी "पुन्हा" ऐकायला उभा होतो.  टोपण तिने बशीत ठेवलं.

मी खोटं का बोललो? नोकरीच्या भीतीने? नाही हो. घरी आई होती, दोन बहिणी होत्या, पण ते त्या क्षणी डोक्यातही नव्हतं. ज्याला घटसर्प वाचता येतो तो टोपण धुवायला चुकला, हे माझ्या तोंडून निघेना, एवढंच.

मग तिने रजिस्टर उघडलं आणि त्या महिन्यात "गळा स्वच्छ" म्हणून गेलेल्या प्रत्येक पोराच्या घरी कार्ड लिहिलं: मुलाला घेऊन ताबडतोब या. संध्याकाळपर्यंत लिहीत होती. कार्डं टपालपेटीत मी टाकून आलो. त्यातली किती पोरं आली ते मला ठाऊक आहे. जी आली नाहीत त्यांच्या घरी काय झालं ते ठाऊक नाही, आणि आता मला सांगणारं कोणी उरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. मुलीच्या गळ्यात घटसर्प. मोठे डॉक्टर, एक ट्रस्टी आणि वॉर्डाची सिस्टर शेडमध्ये आले. मी कोपऱ्यात, हातात धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे. मोठ्या डॉक्टरांनी इडलीपात्राचं झाकण बोटाने उचललं आणि खाली टाकलं. "यावर पोरांचे जीव सोपवायचे? बाटल्या कोण धुतो इथे?"

अक्का तमिळमध्ये बोलली. मोठ्याने, दारातल्या शिपायांपर्यंत जाईल असं. "टोपणं न उकळता वापरायला मी सांगितलं होतं. रबर वाचावं म्हणून. चूक माझी."

माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

आणि मी? मी ट्रे धरून उभा राहिलो. ट्रेमधल्या बाटल्या वाजायला लागल्या तेव्हा ट्रे पोटाशी दाबून धरला, आवाज होऊ नये म्हणून. 

शेडला कुलूप लावायचा हुकूम सांगून मंडळी गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. होय, मीच तिच्यावर. "तुम्हांला कोणी सांगितलं होतं? माझी चूक तुम्ही कां घेतलीत? मी काय दूधपितं पोर आहे?"

ती कपाटातली तार, निळ्या रंगाची बाटली, मेणबत्तीची बरणी एकेक पुसून ठेवत होती. म्हणाली, "कुलूप कोणाचीही चूक असली तरी लागणारच होतं. ते वर्षभर वाट बघत होते. तूं बोलला असतास तर दोघेही बाहेर. आतां एक तरी इथें राहील ज्याला हें काम येतं."

"मला काय येतं? मी बाटल्या धुतो."

"तेंही येत नाही," ती म्हणाली. मराठीत. मग बशीवरचं झाकण काढून तिने ती माझ्यापुढे सरकवली. बशीत चायना ग्रासची जेली थिजवलेली, आणि तिच्यावर तिच्या स्वतःच्या नाकातले जंतू पेरलेले. सगळ्या बशीभर पिवळट साय उगवली होती. मधोमध माझं टोपण उलटं ठेवलेलं. आणि टोपणाभोवती एक स्वच्छ रिकामं वर्तुळ, कंपासने काढल्यासारखं. तिथे काही म्हणजे काही उगवलं नव्हतं.

म्हणजे टोपण हुंगलं तेव्हाच तिला कळलं होतं; बशीने दुसऱ्या सकाळी नुसती खात्री केली. मी खोटं बोललो हे ठाऊक असून तिने कार्डं लिहिली, माझ्या हाती टाकायला दिली, आणि आज सगळ्यांसमोर उभी राहिली.

"अक्का," मी म्हटलं. 

"वाच," ती म्हणाली. "तुला वाचतां येतं ना?"

संध्याकाळी ती गेली. एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत इडलीपात्र. फाटकाशी शिपाई उठून उभे राहिले, एकानेही टवाळी केली नाही. इडलीपात्राची वरची कडी चालताना वाजत होती. तो आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत येत राहिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. शेडमध्ये परदेशी डबे आले नाहीत. पितळी पाटी आली नाही. कुलूप आलं. गळ्यातले कापूस शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले आणि उत्तर चौथ्या दिवशी यायला लागलं. घटसर्प चार दिवस थांबतो का? मी त्याच इस्पितळात म्हातारा होईपर्यंत नोकरी केली, बेडपॅन उचलले, सुया उकळल्या. तुला काय येतं असं मला कोणी एकदाही विचारलं नाही. अक्का कुंभकोणमला मुलींच्या शाळेत शिकवते असं दोन वर्षांनी कळलं. बसने एका दिवसाचा रस्ता. मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत ती वारल्याचं कळलं.

नातू शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. तमिळ आणि इंग्रजी वाचतो, मराठी त्याला येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिता आलं.

मला अजून तिचा राग येतो. तिने मला माझी चूकसुद्धा माझी म्हणू दिली नाही. तुम्ही म्हणाल, तू त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीस? उघडलं. एक दिवस उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, ती बशी घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. टेबलावर ठेवली. तमिळमध्ये, बाहेर ऐकू जाईल असं बोललो, "सार, अम्मांनी उकळायला सांगितलं होतं. मी उकळली नाहीत. विचारलं तेव्हा खोटं बोललो." त्यांनी बशीकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला. "हुकुमाचा कागद झाला आहे, रावजी. ही घाण उचला. जा, कामाला लागा."

मी शेडमध्ये आलो. कुलूप लावायचा माणूस अजून आला नव्हता. शेगडी पेटवली, पातेल्यात सोडा टाकला, कपाटातली होती नव्हती तेवढी सगळी टोपणं त्यात घातली. घड्याळ बघून अर्धा तास. कितीतरी चिरली. उरलेली सात पाण्यांतून काढली. मग त्यातलं एक उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

आणि पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं.